जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन आणि ब्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाडीचा पुढचा भाग खोलायला घेतलेले लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. गाड्या वेगवेगळ्या, पण तक्रारी त्याच: स्टिअरिंग थरथरतं, ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते, पेडल खाली जातं. यातली बरीच दुखणी दुसऱ्याच दुखण्याचं सोंग घेऊन येतात. म्हणून 'काय बदलू' यापेक्षा 'आधी काय तपासू' यावर माझा भर जास्त आहे. नट किती घट्ट आणि फट किती, हे तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. इथले आकडे अंदाज यावा म्हणून आहेत.

१. पुढचा भाग पूर्ण बांधायचाच आहे. मग सरळ खोलायला सुरुवात करू का?

नको. आधी एक संध्याकाळ वही आणि टेप घेऊन गाडीभोवती घालवा. गाडी सपाट जागेवर उभी करा आणि दोन्ही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची लिहून ठेवा. हा आकडा पुढे नक्की लागतो (प्र. ८ आणि ९). स्टिअरिंगला प्ले (मोकळी हालचाल) किती, पेडल किती खाली जातं, कुठल्या चाकाचा ड्रम गरम होतो, टायर आतून झिजलाय की बाहेरून, यातलं काहीही गाडी खोलल्यावर कळत नाही. मग फोटो काढा. कुठल्या बोल्टखाली किती शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) होते ते मोजा, पिशवीत भरा, वर नाव घाला. आणि एका वेळी एकच बाजू खोला. न खोललेली बाजू ही कुठल्याही आकृतीपेक्षा चांगली आकृती असते, फक्त ती आरशातल्यासारखी उलटी आहे हे विसरू नका.

२. चाक वर-खाली धरून हलवलं की खटखट होते. किंगपिन गेला की बेअरिंग?

चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा. टायरला वर आणि खाली धरून हलवा आणि प्ले किती येतो ते बघा. आता कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गायब झाला तर दोष व्हील बेअरिंगमध्ये आहे, कारण ब्रेक लागल्यावर ड्रम आणि बॅकप्लेट (ब्रेकचे भाग जिच्यावर बसतात ती न फिरणारी ताटली) एकजीव होतात. प्ले तसाच राहिला तर किंगपिन (जिच्याभोवती चाक वळतं ती उभी पिन), ट्रनियन (काही गाड्यांत तिथे असणारा आट्यांचा सांधा) किंवा बॉल जॉइंट (गोळीचा सांधा) बघा. नक्की कुठला, ते त्या जागेवर बोट ठेवून कळतं. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावरच खटखटत असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग बॉक्सकडे बघा.

बॉल जॉइंटच्या बाबतीत एक पेच आहे. स्प्रिंग ज्या आर्मवर बसते त्या आर्मखाली जॅक लावला तरच भार सुटतो आणि झीज जाणवते. चासीखाली जॅक लावलात तर स्प्रिंग जॉइंटला ताणून धरते आणि गेलेला जॉइंटही घट्ट वाटतो.

३. सगळेच पार्ट बदलायला हवेत का?

रबर सगळं बदला: बुश, सील, ब्रेक होज, सिलिंडरचे कप. स्प्लिट पिन, लॉक वॉशर आणि नायलॉनवाले नट कधीच परत वापरू नका. लोखंडाच्या बाबतीत मात्र घाई नको. मूळ स्टब एक्सल (ज्या आखूड दांड्यावर चाक फिरतं तो), आर्म, ड्रम बहुतेक वेळा आज नवीन बनून येणाऱ्या मालापेक्षा चांगल्या धातूचे असतात. ते साफ करून मोजा आणि स्टब एक्सल व स्टिअरिंग आर्म यांची डाय पेनिट्रंटने (तडीत शिरून ती उघड करणाऱ्या रंगाने) तड तपासून घ्या. तड असेल तर तो भाग भंगारात. वेल्डिंग करून परत बसवायचा नाही. इतर ठिकाणी मी जुगाड सहन करतो, इथे नाही.

४. कॉइल स्प्रिंग काढताना भीती वाटते. सुरक्षित पद्धत कुठली?

भीती वाटते हे बरं आहे. गाडी उभी असते तेव्हा त्या स्प्रिंगमध्ये काहीशे किलोचा दाब कोंडलेला असतो. चासीखाली भक्कम स्टँड, आर्मखाली ट्रॉली जॅक, मग जॉइंट सोडून जॅक हळूहळू खाली घ्यायचा, ही नेहमीची रीत. बॉल जॉइंट सोडवताना नट पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे धरून राहू द्या, म्हणजे टेपर (जॉइंटचा निमुळता दांडा) उसळून सुटला तरी आर्म खाली कोसळत नाही. स्प्रिंग खालच्या ताटलीवर बसवलेली असेल (एमजीबीसारख्या ब्रिटिश गाड्यांत असते) तर ताटलीचे समोरासमोरचे दोन बोल्ट काढून तिथे लांब आट्यांचे बोल्ट घाला, बाकीचे काढा आणि लांब बोल्ट आळीपाळीने ढिले करत ताटली खाली आणा. बाहेरून लावायचे हुकवाले कॉम्प्रेसर पुढच्या आखूड, जाड स्प्रिंगवर नीट पकड घेत नाहीत. मी ते वापरत नाही.

५. ड्रम उघडल्यावर काळी धूळ पडते. हवेच्या नळीने उडवू का?

अजिबात नाही. जुन्या लायनिंगमध्ये (ब्रेक शूवरच्या, ड्रमला घासणाऱ्या पट्टीत) ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला. धूळ हवेत उडू न देता ओली करायची, ओल्या फडक्याने पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. जुनं लायनिंग घासून 'जरा खरखरीत' करायचाही मोह टाळा.

६. बोल्ट गंजून बसलाय. गॅसने तापवू का?

साध्या ब्रॅकेटचा असेल तर तापवा. स्टब एक्सल, स्टिअरिंग आर्म, टॉर्शन बार (प्र. ९) आणि स्प्रिंग मात्र उष्णोपचार केलेल्या पोलादाचे असतात. लालबुंद केलं की त्यांची ताकद जाते आणि वरून काही दिसतही नाही. तिथे गंज सोडवणारं तेल, दोन दिवसांचा धीर आणि योग्य पाना हेच औषध. योग्य पाना यासाठी म्हणतो, की जुन्या ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ, बीएसएफ आणि यूएनएफ ही इंची आट्यांची तिन्ही मापं सापडतात. त्यावर मेट्रिक पाना चढवला की षटकोनाचा गोल होतो.

टेपरचे जॉइंट ठोकून निघतात, पण नटावर ठोकून नाही. ज्या डोळ्यात टेपर बसलाय त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवा आणि समोरून दुसऱ्याने मारा.

७. किंगपिनचे नवे बुश आणले, पण पिन आत जातच नाही. बुश चुकीचे आले का?

बहुतेक नाही. हे बुश मुद्दाम कमी भोकाचे येतात, बसवल्यावर रीमर (भोक मापात कापायचं हत्यार) फिरवून मापात आणायचे असतात. खरी गोम अशी, की वरचा आणि खालचा बुश एका रेषेत रीम व्हायला हवेत. म्हणून लांब रीमर लागतो. त्याचं एक टोक एका बुशमध्ये वाट दाखवतं आणि दुसऱ्यात कापतं. दोन्ही बुश वेगवेगळे, आखूड रीमरने कापले तर दोन्हीत पिन छान जाते, पण एकदम दोन्हीतून घालायला गेलात की अडकते. मग लोक एखादा बुश घासून मोठा करतात आणि नव्या कामातच प्ले शिरतो.

बुश दाबण्याआधी त्याचं ग्रीसचं भोक निपलच्या भोकासमोर येतंय ना ते बघा. रीम झाल्यावर तेल लावलेली पिन अंगठ्याच्या जोराने सरकली पाहिजे आणि लटलटता कामा नये. वर-खालचा प्ले शिमने काढतात. गाडीचं वजन थ्रस्ट वॉशरवर किंवा थ्रस्ट बेअरिंगवर येतं, बुशवर नाही. ते उलटं बसलं तर स्टिअरिंग जड होतं. सरळ दांड्याच्या एक्सलमध्ये पिनला अडवणारी टेपर पिन असते. किंगपिनवरची खाच तिच्या अगदी समोर आणा आणि मगच ठोका.

हे काम घरी जमत नसेल तर स्टब एक्सल आणि पिन दोन्ही घेऊन लेथवाल्याकडे जा. नुसता बुश देऊन माप सांगण्यात अर्थ नाही.

८. नवे रबर बुश वर्षभरात फाटले. माल खराब होता का?

असेलही, पण आधी एक सांगा: बोल्ट घट्ट केले तेव्हा गाडी चाकांवर होती की हवेत?

कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर घसरत नाही, पिळलं जातं. बोल्ट आवळला की आतली नळी चासीला पक्की होते आणि त्या क्षणी आर्म ज्या कोनात असेल ती रबराची 'आरामाची' जागा ठरते. आर्म लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली ठेवल्याबरोबर रबर पीळ खाऊन बसतं. गाडी उभी असतानाही ते पिळलेलंच आणि खड्ड्यात आणखी पिळणार. फाटणारच. वर त्या पिळामुळे गाडी पुढून थोडी उंच दिसते आणि लोक बिचाऱ्या स्प्रिंगला दोष देतात.

म्हणून सगळे बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा पुढून दाबून सोडा, गाडी थोडी पुढे-मागे ढकला म्हणजे चाकं आपल्या जागी येतील, आणि मग आवळा. खाली पाना पोचत नसेल तर आर्मखाली जॅक लावून प्र. १ मध्ये लिहून ठेवलेली उंची आणा आणि तशी आवळा. मी स्वतः पहिल्या गाडीत हे हवेतच केलं होतं. चार बुश आणि दोन रविवार गेले.

९. माझ्या गाडीत कॉइल नाही, टॉर्शन बार आहे. काय वेगळं?

मॉरिस मायनर किंवा बीटलसारख्या गाड्यांत स्प्रिंगचं काम लांब पोलादी दांडा किंवा पट्ट्यांची जुडी पिळून होतं. काढण्याआधी दांडा आणि आर्म यांच्या दात्यांवर रंगाने खूण करा. छिन्नीने किंवा टोच्याने खूण करू नका, टॉर्शन बारवरच्या ओरखड्यातून तड सुरू होते. डावा आणि उजवा बार अदलाबदल करता येत नाही, कारण वर्षानुवर्षं एकाच दिशेने पिळून धातूला ती सवय लागलेली असते. गाडी खाली बसली असेल तर दाता बदलून किंवा ॲडजस्टर फिरवून उंची आणता येते. पण उंची बघताना बुशचे बोल्ट ढिले ठेवा, नाहीतर प्र. ८ मधला पीळ तुम्हाला खोटा आकडा दाखवेल.

१०. पॉलियुरेथेनचे बुश घालू का?

घालता येतात. ते धातूला चिकटलेले नसतात, नळीवर फिरतात, त्यामुळे प्र. ८ चा नियम त्यांना लागू नाही. मात्र सोबत दिलेलं ग्रीस लावलं नाही तर ते कुरकुरतात. स्टिअरिंग चोख होतं, त्याबरोबर रस्त्याचा प्रत्येक खडाही कळतो. पुढून मागे जाणारा टाय बार तिरका हलत असेल तर दोन्ही बाजूंना कडक बुश घालू नका. तिथे रबराला सगळ्या दिशांना लवावं लागतं. ते लवलं नाही की बार लवतो, आणि लवून लवून आट्यांपाशी तुटतो.

११. ट्रनियनमध्ये ग्रीस की ऑइल?

यावर भांडणं होतात. ट्रायम्फ हेराल्ड (१९५९) आणि स्पिटफायर (१९६२) यांच्या खालच्या ट्रनियनसाठी कंपनीने गिअर ऑइल सांगितलं होतं, साधारण ईपी ९० जातीचं. मीही तेच भरतो. ट्रनियन ब्राँझचा आणि त्यात आट्यांनी बसणारा उभा दांडा पोलादाचा. ग्रीस घट्ट झालं की आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. दांडा तिथे गंजून तुटतो आणि चाक आडवं पडतं. डाव्या आणि उजव्या बाजूच्या आट्यांची दिशा वेगळी आहे. बसवताना दांडा तळापर्यंत फिरवा, मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळेल इतपत, साधारण एक फेरा, मागे आणा. ज्या गाड्यांना मॅन्युअलमध्ये ग्रीस सांगितलंय त्यांना ग्रीसच.

१२. लिव्हरवाले शॉकॲब्सॉर्बर दुरुस्त होतात का?

होतात, पण त्यातला शाफ्टचा बुश आणि सील हे सराईत माणसाचं काम आहे. तेल कमी असेल तर वरून योग्य तेल भरा आणि लिव्हर पूर्ण वर-खाली करून हवा काढा. दोन्हीकडे सारखा, सलग जोर लागला पाहिजे. मधेच हात मोकळा जात असेल तर आत तेल नाही किंवा व्हॉल्व्ह गेलाय. मायनर आणि एमजीबीसारख्या गाड्यांत हा लिव्हरच वरचा आर्म असतो. तिथे शाफ्टचा प्ले म्हणजे थेट चाकाचा प्ले, आणि तो किंगपिनच्या नावावर खपतो.

१३. सगळे पार्ट पावडर कोटिंग किंवा क्रोम करून घेतले तर?

दिसायला छान, पण दोन गोष्टी सांभाळा. पावडरचा थर जाड असतो. बोल्ट आणि नट जिथे टेकतात, टेपर जिथे बसतात, बुश जिथे दाबतात, ती जागा झाकूनच कोटिंग करायला सांगा. नाहीतर थर दबतो आणि आवळलेला नट आपोआप ढिला पडतो. दुसरं, प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. जास्त ताकदीचे बोल्ट प्लेटिंगनंतर लगेच काही तास सुमारे २०० अंश सेल्सिअसला भाजून घ्यावे लागतात. स्प्रिंग आणि टॉर्शन बार यांना नुसता रंग पुरे.

१४. व्हील बेअरिंग किती घट्ट करायचं?

आधी बेअरिंग कुठल्या जातीचं ते बघा. टेपर रोलर असेल तर चाक फिरवत फिरवत नट आवळा, जरा जड झालं की मागे घ्या, मग बोटांनी टेकेल इतकंच आवळून स्प्लिट पिन घाला. पिनचं भोक जुळत नसेल तर नट ढिल्या बाजूला न्या. किंचित, जेमतेम जाणवेल इतका प्ले हवाच. एमजीबीमध्ये तो शिम घालून ०.००२ ते ०.००४ इंच ठेवतात, म्हणजे ०.०५ ते ०.१ मिमी. तिथे नट पूर्ण ताकदीने आवळायचा असतो. मधे स्पेसर असलेल्या बॉल बेअरिंगलाही तसंच. टेपरची सवय लागलेला माणूस तिथे नट ढिला ठेवतो आणि बेअरिंग झिजून जातं.

ग्रीस रोलरांमध्ये तळहाताने दाबून भरा. हबची पोकळी ठासून भरलीत तर गरम झाल्यावर ते सीलमधून थेट लायनिंगवर येईल.

१५. ड्रम लेथवर किती वेळा घ्यावा?

जितकं कमी तितकं बरं. ड्रमवर कमाल व्यास कोरला असेल तर तीच मर्यादा. नसेल तर मूळ व्यासापेक्षा साधारण १.५ मिमी जास्त झाला की ड्रम संपला समजा. पुढचे दोन्ही ड्रम एकाच मापाला घ्या. लोक पुढची पायरी विसरतात. मोठ्या झालेल्या ड्रममध्ये जुन्या गोलाईचा शू फक्त मधोमध टेकतो, पेडल मऊ वाटतं आणि माणूस हवा काढत बसतो (प्र. २०). लायनिंग ड्रमच्या गोलाईला घासून घ्या. खडू लावून ड्रम फिरवला की कुठे टेकतंय ते दिसतं.

१६. शू पुढे-मागे उलटे बसवले तर फरक पडतो?

पडतो. पुढच्या चाकाला दोन सिलिंडर असतील तर दोन्ही शू 'लीडिंग' असतात, म्हणजे ड्रम फिरताना शूला स्वतःकडे ओढून घेतो. अशा गाडीचे पुढचे ब्रेक रिव्हर्समध्ये कमी लागतात. तो दोष नाही, रचनाच तशी आहे. बेंडिक्स पद्धतीच्या ड्युओ-सर्व्होमध्ये दोन शू खाली एकमेकांना जोडलेले असतात. तिथे आखूड लायनिंगचा शू गाडीच्या पुढच्या बाजूला आणि लांब लायनिंगचा मागच्या बाजूला. 'मोठा शू पुढे' असं वाटणं साहजिक आहे, आणि चूक आहे.

१७. व्हील सिलिंडरला फक्त रबर किट टाकलं तर चालेल?

सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी असेल तर चालेल. बारीक डाग हलक्या होनिंगने (बारीक दगडाने आतून घासून) जातात. नखाला लागणारा खड्डा असेल तर किट टाकू नका, कारण होन करून खड्डा काढेपर्यंत भोक मोठं होतं आणि कप ढिला पडतो. नवा सिलिंडर घ्या, किंवा मिळतच नसेल तर स्टील अथवा पितळेची स्लीव्ह घालून घ्या. जोडताना रबराला ब्रेक ऑइल किंवा लाल रबर ग्रीसच लावा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं की कप फुगतात.

१८. ब्रेकची पाइप तांब्याची करू की स्टीलची?

शुद्ध तांबं वाकवायला सोपं, पण थरथरीने कडक होऊन तडकतं. तांबं-निकेल मिश्रधातूची पाइप सगळ्यात चांगली: गंजत नाही, वाकते आणि टिकते. स्टीलची चालते, पण गंजते. फ्लेअर (पाइपचं फुलवलेलं टोक) कुठला आहे ते जुन्या पाइपवरून ओळखा. दुहेरी फ्लेअर आणि बबल फ्लेअर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आटेही बघा. ३/८ इंच यूएनएफ नट १० मिमीच्या मेट्रिक भोकात दोन-चार फेरे जातो, पकडल्यासारखा वाटतो आणि दाब आला की निसटतो. नट सुरुवातीला बोटांनीच फिरला पाहिजे.

१९. ब्रेक ऑइल कुठलं भरू?

आपण म्हणतो 'ऑइल', पण बहुतेक गाड्यांत ते तेल नसतं, आणि खऱ्या तेलाने तिथलं रबर मरतं. नेहमीचं डॉट ३, ४ आणि ५.१ हे ग्लायकॉलचे. ते हवेतलं पाणी शोषतात, त्यामुळे त्यांचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शिरल्यावर हा आकडा १५५ पर्यंत येतो. दर दोनेक वर्षांनी बदला. रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, पाणी ओता.

डॉट ५ म्हणजे सिलिकॉन. आकडा जवळचा असला तरी डॉट ५.१ शी त्याचं नातं नाही. ते पाणी शोषत नाही, रंग खात नाही, वर्षभर उभ्या राहणाऱ्या गाडीला सोयीचं. पण ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही. पाइप साफ आणि सगळी रबरं नवी असतानाच भरायचं. ओतताना हलवायचं नाही, कारण त्यात बारीक बुडबुडे अडकून राहतात.

मोठा अपवाद सिट्रोएनचा. डीएसच्या सुरुवातीच्या गाड्यांत लाल द्रव होता, १९६६ च्या सुमारास हिरवं खनिज तेल आलं. एकाच्या जागी दुसरं भरलं तर संपूर्ण यंत्रणेची रबरं जातात. टाकीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय बाटली उघडू नका.

२०. चार वेळा हवा काढली, तरी पेडल खाली जातं. आता?

'खाली जातं' म्हणजे कसं, ते नीट बघा. पेडल स्पंजासारखं असेल तर आत हवा आहे, किंवा शू मधोमधच टेकतोय (प्र. १५). पहिल्यांदा खाली जातं पण दोन-तीनदा मारल्यावर वर येऊन कडक होतं, तर हवा नाही, शू ड्रमपासून लांब आहेत. पाय दाबून धरल्यावर हळूहळू बुडत असेल आणि बाहेर कुठे गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरचा (पेडलने चालणाऱ्या मुख्य सिलिंडरचा) कप आतल्या आत सोडतोय.

हवा काढण्याआधी शूचे ॲडजस्टर चाक जाम होईपर्यंत फिरवा. सिलिंडरचे पिस्टन आत राहतात, तेल कमी लागतं, हवा लवकर निघते. नंतर एकेक खाच ढिले करा आणि प्रत्येक वेळी पेडल मारून शू मध्यावर आणा. सहसा मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. हवा काढायचं निपल सिलिंडरच्या वरच्या अंगाला असायला हवं. डावा-उजवा कॅलिपर (डिस्क ब्रेकचा चिमटा) अदलाबदल झाला तर निपल खाली येतं आणि मग कितीही हवा काढा, वरचा बुडबुडा तिथेच.

जुन्या मास्टर सिलिंडरवर पेडल तळापर्यंत मारू नका. रोजच्या वापरात पिस्टन जिथे जात नाही तिथे गंज आणि घाण बसलेली असते. कप तिथून घासून गेला की चांगला सिलिंडर हवा काढता काढता मरतो.

२१. ब्रेक लावल्यावर सुटत नाही, चाक जाम राहतं. सिलिंडर बदलू?

आधी हे करा. ब्रेक लागून राहिलेला असतानाच मास्टर सिलिंडरवरचं पाइपचं युनियन (जोडाचा नट) किंचित ढिलं करा. चाक सुटलं, तर दोष मास्टरमध्ये आहे: एक तर पुशरॉडला (पेडलपासून पिस्टनकडे जाणाऱ्या दांड्याला) मोकळी चाल नाही (१ मिमीच्या आसपास हवी), किंवा तेल परत टाकीत सोडणारं बारीक भोक बुजलंय. चाक सुटलं नाही, तर त्या चाकाचं निपल उघडा. आता सुटलं, तर होज आतून सुजलाय. बाहेरून तो नवाकोरा दिसतो, पण आत रबराची फट झडपेसारखी वागते: दाब जाऊ देते, परत येऊ देत नाही. निपल उघडूनही चाक जाम, तर पिस्टन अडकलाय किंवा शूची स्प्रिंग चुकीची लागलीये. पाच मिनिटांची परीक्षा आहे, ती न करता सिलिंडर बदलणारे मला नेहमी भेटतात.

२२. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

ज्या बाजूला ओढते ती बाजू काम करतेय, दोष बहुतेक दुसरीकडे असतो. तिकडचा ड्रम उघडून लायनिंगवर ग्रीस किंवा ब्रेक ऑइल आलंय का बघा. आलं असेल तर लायनिंग फेका, पेट्रोलने धुतल्याने आत मुरलेलं निघत नाही. बदलताना दोन्ही बाजूंना एकाच जातीचं घाला.

ब्रेक मारताना एका बाजूला आणि सोडल्यावर क्षणभर दुसऱ्या बाजूला ओढत असेल, तर जवळजवळ खात्रीने होज (प्र. २१). ब्रेक चोख असूनही ओढत असेल तर टाय बार किंवा आर्मचा बुश गेलाय: ब्रेक लागला की ते चाक मागे सरकतं आणि गाडी वळते.

२३. पुढे डिस्क ब्रेक बसवू का? आणि डबल सर्किट?

१९५३ मध्ये जॅग्वार सी-टाइपने डिस्कच्या जोरावर ल मॉंची शर्यत जिंकली आणि १९५५ च्या सिट्रोएन डीएसने त्या सर्वसामान्य गाडीत आणल्या. उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक लागत असतील तर फायदा खराच. पण नीट बांधलेले ड्रम त्या गाडीच्या वेगाला पुरतात, असं माझं मत. बदलायचंच असेल तर ड्रमच्या मास्टर सिलिंडरमधला राखीव दाबाचा व्हॉल्व्ह विसरू नका. तो पाइपमध्ये साधारण ८ ते १० पीएसआय दाब धरून ठेवतो, म्हणजे कपांच्या कडा भिंतीला टेकलेल्या राहतात. डिस्कवर तोच दाब पॅड घासत ठेवतो. शिवाय डिस्कला दाब जास्त लागतो, त्यामुळे मास्टरचं माप आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल दोन्ही नव्याने बघावे लागतात.

डबल सर्किटला (ब्रेकचं तेल दोन स्वतंत्र वाटांनी नेण्याला) मात्र माझा पूर्ण पाठिंबा. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत एक होज फुटला की चारही चाकं गेली, उरतो हँडब्रेक.

२४. माझ्या गाडीचे ब्रेक सळ्यांचे आहेत.

फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये घेतले, तोवर यांत्रिक ब्रेकच होते, त्यामुळे तुम्ही एकटे नाही. नियम एकच: झीज सळी आखूड करून भरून काढू नका. आधी प्रत्येक पिन आणि बुशचा प्ले संपवा, मग ॲडजस्टमेंट शूजवळ करा, सळीची लांबी सगळ्यात शेवटी. ब्रेक लागताना लिव्हर सळीशी जवळजवळ काटकोनात असावा.

२५. अलाइनमेंट कधी करायची? रेडियल टायर चालतील?

बुश आवळून गाडी थोडी चालवल्यानंतर, आधी नाही. क्रम कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल), कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), शेवटी टो (चाकांची पुढची बाजू किती आत किंवा बाहेर वळलीये ते), कारण आधीच्या दोन्हींमुळे टो बदलतो. रेडियल टायर चारही बदलणार असाल तर घाला. त्यांना टो-इन सहसा कमी लागतो. दोन जाती मिसळायच्याच झाल्या तर रेडियल मागे, पुढे कधीच नाही. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय (जुन्या जातीचे टायर) असेल तर वळणावर मागचा भाग आधी सुटतो.

२६. सगळं जोडलं. पहिली चक्कर कशी मारू?

आधी जागेवरच पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा आणि कुणाला तरी प्रत्येक युनियन कोरड्या कागदाने पुसून बघायला सांगा. मग मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने ब्रेक. मग मध्यम वेगातून दहा-पंधरा वेळा हलके थांबा, मधे ड्रम थंड होऊ द्या. नवं लायनिंग पहिल्याच दिवशी तापवलं तर त्यावर काच चढते. परत आल्यावर हबला हात लावा: दोन्ही बाजू सारख्या कोमट हव्यात. एकच बाजू चटका देत असेल तर प्र. १४ आणि २१. पहिल्या २००-३०० किलोमीटरनंतर शू पुन्हा ॲडजस्ट करा, सस्पेन्शनचा प्रत्येक नट पुन्हा तपासा आणि उंची मोजून वहीतल्या जुन्या आकड्याशेजारी लिहा.